दिवाणगिरी सोडल्यानंतर

एन्नोरचे नाव निघाले म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी कारखान्याचे फाटक उभे राहते आणि मग समुद्र. ते स्वाभाविकच आहे. खाडी, बकिंगहॅम कालवा आणि मिठागरे यांच्या या किनाऱ्यावर ७ सप्टेंबर १९४८ रोजी रघुनंदन सरन यांनी अशोक मोटर्सची स्थापना केली, आणि ऑस्टिन मोटारींची जुळणी करण्याचे काम येथे सुरू झाले. पुढे त्या कंपनीने मोटारींचा नाद सोडून लेलँड मालमोटारींशी सोयरीक केली, १९५५ साली नावही बदलले, आणि तिचे खरे नशीब त्यानंतरच उघडले. १९७० साली औष्णिक वीज केंद्र आले. ते २०१७ साली बंद झाले. २००१ पासून बंदर सुरू झाले. अशा गावात राहणाऱ्या घरांत नोकरी हा केवळ पोटापाण्याचा विषय राहत नाही. कोणी कोणती जागा सोडली, कोणी ती उगाच सोडली, कोणाला सोडल्यावर वर्षभर झोप लागली नाही आणि मग तिच्याहून चांगली कशी मिळाली, या कथा सणासुदीच्या पंगतीत नेहमी निघतात. परमुलखात नोकरी सोडणे म्हणजे घराचे भाडे, मुलांची शाळा आणि गावाकडील लोकांपुढचा मान, सारेच एकदम पणाला लावणे होय. त्यामुळे या कथांना तिखटमीठ लावावे लागत नाही.

त्यांतील एक कथा मात्र या पंगतीत क्वचितच निघते. वस्तुतः ती आपल्याच भाषेच्या माणसाची आहे, आणि तिचा शेवट एन्नोरहून वीस-पंचवीस किलोमीटरांवर, मैलापुरात झाला आहे. राजा सर टी. माधवराव यांचे नाव बडोद्याच्या इतिहासात आपण वाचलेले असते. परंतु तो गृहस्थ मद्रासचा होता, कुंभकोणच्या मराठी घरात १८२८ साली जन्मलेला होता, आणि आयुष्यात त्याने चार वेळा हातची जागा सोडली, याकडे सहसा लक्ष जात नाही.

या घराण्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतल्यापासून १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर ते राज्य खालसा होईपर्यंत, पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ, कावेरीकाठी मराठी दरबार होता. दरबाराबरोबर लेखणी आली. मद्रास इलाख्यातील कित्येक जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारापर्यंत जमाबंदीचे हिशेब मराठीत, मोडी लिपीत ठेवले जात असत, हे आज सांगितले तर तमिळ मित्रांना खरे वाटत नाही. ही लेखणी चालविणारी देशस्थ घराणी तंजावर आणि कुंभकोण येथून इतर संस्थानांत पसरली. त्रावणकोरने तर दिवाणच तेथून मागविले. वेंकटराव, सुब्बाराव, रंगराव, कृष्णराव अशी रावांची मालिकाच त्या राज्यात दिसते. स्वाती तिरुनाळ या संगीतज्ञ महाराजांचे शिक्षक सुब्बाराव हे पुढे त्यांचेच दिवाण झाले. यांपैकी वेंकटराव हे माधवरावांचे चुलते, रंगराव हे वडील. म्हणजे दिवाणगिरी या मुलाच्या घरात एखाद्या वडिलार्जित वतनासारखी होती. फरक इतकाच की वतन वारसाहक्काने येते, आणि ही जागा धन्याची मर्जी असेतो.

माधवराव मद्रासच्या सरकारी हायस्कुलात शिकले. तीच संस्था पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झाली. तेथील मुख्य शिक्षक पॉवेल हे केंब्रिजचे गणिती. १८४६ साली माधवराव प्रावीण्यासह उत्तीर्ण झाले, आणि पॉवेल यांच्या जागी काही काळ त्यांनी गणित व पदार्थविज्ञान शिकविले. मग मद्रासच्या अकौंटंट जनरलच्या कचेरीत त्यांना जागा मिळाली. त्या काळी कंपनी सरकारच्या हिशेबखात्यात कायमची जागा मिळणे म्हणजे जन्माचे कल्याण झाले असे लोक मानीत. दोन वर्षांत, १८४९ साली, त्यांनी ती सोडली आणि त्रावणकोरच्या राजपुत्रांचा शिक्षक म्हणून तिरुवनंतपुरम गाठले.

ही पहिली सोडचिठ्ठी. एकवीस वर्षांच्या तरुणाने मद्रासची सरकारी जागा टाकून एका संस्थानात मुलांना इंग्रजी व गणित शिकवायला जावे, हे त्या वेळच्या मोजमापाने शहाणपणाचे नव्हते. सुमारे चार वर्षे ते शिक्षकच राहिले. बरोबरीचे विद्यार्थी कंपनीच्या नोकरीत पायऱ्या चढत असता आपण राजवाड्याच्या एका दालनात धडे देत आहोत, ही गोष्ट त्यांना कधी सलली नसेल असे मला वाटत नाही. परंतु त्या चार वर्षांनीच त्यांना राज्याची आतली ओळख करून दिली. नंतर महसूल खात्यात जागा मिळाली, दक्षिणेकडील तालुक्यांचे पेशकार म्हणून त्यांनी कारभाराची घडी बसविली, आणि १८५७ साली दिवाण कृष्णराव वारले तेव्हा राज्यात त्यांच्या तोडीचा माणूस दुसरा उरला नव्हता. प्रथम हंगामी आणि १८५८ पासून कायम, असे ते दिवाण झाले. वय तीस.

जी गादी सांभाळायची ती कशी होती? १८०५ च्या तहान्वये त्रावणकोरने कंपनीला दरसाल आठ लक्ष रुपये द्यावयाचे होते. ते थकले होते. नोकरांचे पगार थकले होते. श्रीपद्मनाभस्वामींच्या देवस्थानाचे कर्ज राज्याच्या डोक्यावर होते. १८५५ साली डलहौसीने राज्य खालसा करण्याची धमकी देऊन ठेवली होती, आणि डलहौसीची धमकी म्हणजे काय, हे त्याच वर्षी तंजावर गमावलेल्या कुंभकोणच्या मराठी माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. माधवरावांनी प्रथम हात घातला तो सरकारी मक्त्यांना. काळ्या मिरीचा मक्ता १८६० साली उठला. शेतकऱ्याला आपली मिरी सरकारखेरीज इतरांना विकता येऊ लागली, आणि सरकारने निर्यातीवर जकात घेऊन भागविले. मागोमाग तंबाखूचा मक्ताही गेला. कित्येक किरकोळ पट्ट्या रद्द झाल्या. १८६५ साली ब्रिटिश मुलूख, कोचीन आणि त्रावणकोर यांच्यात व्यापाराचा करार होऊन नाक्यानाक्यावरील जकातीची पीडा टळली. त्याच साली निघालेल्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना मालकीचे हक्क मिळाले. रयतेच्या दृष्टीने हे त्यांचे सर्वांत मोठे काम होय असे माझे मत आहे, जरी पुस्तकांतून सचिवालयाच्या इमारतीचेच चित्र अधिक वेळा छापले जाते. कर्ज फिटले, शाळा निघाल्या, रस्ते आणि कालवे झाले. १८६६ साली माधवरावांना ‘सर’ किताब मिळाला.

एक गोष्ट या चित्रात झाकू नये. १८५९ साली नाडार समाजाच्या स्त्रियांनी अंगावर वस्त्र घेण्याचा हक्क मागितला आणि त्यावरून दंगे झाले. मद्रास सरकारचा दाब आल्यावर त्रावणकोरने परवानगी दिली. पण वरच्या जातींच्या स्त्रियांप्रमाणे वस्त्र घेता येणार नाही, ही अट कायम ठेवून. दिवाण माधवरावच होते. मिरी व तंबाखू यांच्या बाबतीत ज्या धिटाईने ते चालले ती येथे दिसत नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे येऊ. १८६० साली आयिल्यम तिरुनाळ गादीवर आले. हे माधवरावांचे विद्यार्थी. शिक्षकाच्या खुर्चीसमोर बसलेला मुलगा आता सिंहासनावर आणि शिक्षक त्याच्यासमोर उभा, अशी ही जोडी होती. आरंभीची वर्षे फार चांगली गेली. परंतु राज्याचे जे जे भले होई त्याचे श्रेय बाहेरच्या जगात दिवाणाला मिळू लागले, आणि कोणत्याही धन्याला हे फार काळ मानवत नाही. राजवाड्यात कान फुंकणाऱ्यांची वाण कधीच नसते. मने दुरावली, आणि १८७२ साली माधवरावांनी दिवाणगिरी सोडली. त्यांच्या जागी शेषय्या शास्त्री आले, तेही पॉवेल यांच्याच शाळेतील माधवरावांचे सहाध्यायी.

या सुमारास विलायतेत हेन्री फॉसेट या पार्लमेंटच्या सभासदाने माधवरावांना हिंदुस्थानचा तुर्गो म्हटले. तुर्गो हा फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा अर्थमंत्री. त्यानेही धान्याच्या व्यापारावरील बंधने उठविली होती. गौरव करणाऱ्यांच्या ध्यानात आले होते की नाही कोण जाणे, पण तुर्गोलाही त्याच्या राजाने १७७६ साली घरी बसविले होते. उपमा दोन्ही अंगांनी जुळली.

माधवराव मद्रासला परत आले. चव्वेचाळीस वर्षांचे वय, तेवीस वर्षे एका राज्यात घातलेली, आणि हाती काम नाही. येथे पश्चात्ताप हा शब्द मी जपून वापरतो. आपण केले ते चुकले, या अर्थाने तो येथे लागू पडत नाही. अर्धवट राहिलेल्या कामाकडे मागे वळून पाहताना जी हळहळ वाटते, त्या अर्थाने लागू पडतो. त्याचा पुरावा त्यांच्या पुढच्या दोन निर्णयांत आहे. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यांना जागा देऊ करण्यात आली. त्या काळी हिंदी माणसाला याहून मोठा मान सहसा मिळत नसे. त्यांनी ती नाकारली. आणि लगेच, १८७३ साली, तुकोजीराव होळकरांनी इंदूरची दिवाणगिरी देऊ केली तेव्हा ती घेतली. मंडळात बसून सल्ला देण्यापेक्षा पुन्हा एखाद्या राज्याचे हिशेब तपासायला ते निघाले. मानाची जागा नको, कामाची हवी, असा याचा अर्थ मी लावतो.

येथे दुसऱ्या एका मराठी दिवाणाची आठवण होते. ग्वाल्हेरचे दिनकरराव राजवाडे, मूळचे कोकणातले. १८५७ च्या वणव्यात शिंद्यांचे राज्य ज्यांनी सावरले, त्यांनीच १८५९ साली दिवाणगिरी सोडली. त्यांनी मात्र १८६२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातील जागा स्वीकारली. तीत प्रथमच नेमलेल्या तिघा हिंदी सभासदांपैकी ते एक. पण राज्य चालविणारा हात पुन्हा तशा मोठ्या कारभाराला लागला नाही. माधवरावांनी नकार दिला म्हणून त्यांच्या वाट्याला पुढचा अध्याय आला.

इंदुरात ते सुमारे दोन वर्षे होते. कायद्याच्या संहितेचे काम त्यांनी तेथे हाती घेतले. त्या काळाविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही; तुकोजीराव स्वतःच कारभारात मुरलेले होते, आणि अशा धन्याकडे दिवाणाला मोकळे मैदान मिळत नाही. ही जागा सोडताना त्यांना फार वाईट वाटले असेल असे दिसत नाही. त्यांच्या मागे तेथे त्यांचे चुलतबंधू रघुनाथराव दिवाण झाले.

बडोद्याचे प्रकरण मात्र विलक्षण आहे. मल्हारराव गायकवाडांच्या उधळपट्टीने राज्य बुडीत निघाले होते. घडी बसविण्यासाठी आलेल्या दादाभाई नौरोजींनीही १८७५ च्या आरंभी तेथील दिवाणगिरी सोडली होती. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप मल्हाररावांवर आला, आणि चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन बसले. त्यातील तिघा इंग्रजांनी त्यांना दोषी ठरविले आणि तिघा हिंदी सभासदांनी नाही. त्या तिघांत दिनकरराव राजवाडे होते. तरी एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून दूर धाडण्यात आले, आणि कोठे, तर मद्रासला. नुंगमबाक्कम येथील डव्हटन हाउसमध्ये त्यांना ठेवले होते. १९१६ पासून त्याच वास्तूत विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आहे. आपल्या मंडळींपैकी ज्यांच्या मुली तेथे शिकल्या त्यांना, एका मराठी राजाच्या बंदिवासाच्या आवारात आपण फी भरायला जात होतो, याची कल्पना बहुधा नसेल. मल्हाररावांचा अंत मद्रासमध्येच झाला.

म्हणजे बडोद्याने आपला राजा मद्रासला पाठविला आणि मद्रासने आपला दिवाण बडोद्याला. मे १८७५ मध्ये माधवराव तेथे रुजू झाले. त्याच महिन्यात, २७ तारखेला, जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. हेच सयाजीराव. राजा अज्ञान, त्यामुळे सारा कारभार दिवाणाच्या हाती. त्रावणकोरात जे मिळाले नाही आणि इंदुरात मिळणे शक्य नव्हते, ते मोकळे मैदान येथे मिळाले. इजाऱ्याने वसूल करण्याची पद्धत मोडली, पेढीवाल्यांची देणी आणि सरदारांचे दावे निकालात निघाले, खर्चिक फौजेला कात्री लागली, न्यायकचेऱ्या आणि पोलीस यांची रचना झाली, रुग्णालये आणि शाळा निघाल्या. १८८१ साली बडोदा कॉलेज सुरू झाले. पुढे सयाजीरावांच्या राज्याची जी कीर्ती झाली तिचा पाया या सहा वर्षांतला आहे. महाराजांचे कर्तृत्व कमी लेखावे असे येथे म्हणायचे नाही. पण पाया घालणाऱ्याचे नाव इमारतीवर क्वचित असते, म्हणून मुद्दाम नोंदविले.

बडोद्यात मराठी दरबार, मराठी दप्तर. कुंभकोणच्या घरातील, तमिळ हेलाची मराठी घेऊन आलेला दिवाण तेथे कसा वाटला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. सुट्टीत पुण्याला गेल्यावर आपल्या मुलांच्या मराठीला जे हसणे ऐकावे लागते त्याचाच तो वडीलधारा नमुना असेल. परंतु तंजावर आणि बडोदे यांच्यात त्यामुळे एक वाट पडली. १८८० साली सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी झाला. त्याच चिमणाबाई. त्यांच्याबरोबर तंजावरचे नर्तकी व वादक बडोद्याला गेले, आणि भरतनाट्य गुजरातेत पोहोचले.

या काळातील एका गोष्टीत तिरुवनंतपुरमची जखम स्पष्ट दिसते. तरुण सयाजीरावांना राज्यकारभाराचे धडे म्हणून माधवरावांनी व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने १८८१ साली छापली गेली. प्रजेचे सुख हाच राज्याचा हेतू, हा त्यांचा गाभा. आणि त्याचबरोबर राजवाड्याचा खर्च, माणसांची पारख, मंत्र्याशी राजाने कसे वागावे, याचीही चर्चा तीत आहे. हे सारे पुस्तकी ज्ञान नव्हे. एका विद्यार्थ्याच्या दरबारात जे हाताबाहेर गेले ते दुसऱ्या विद्यार्थ्याला आधीच सांगून ठेवण्याची ती धडपड होती असे मला वाटते. नोकरी सोडल्याची हळहळ माणसे निरनिराळ्या रीतीने पचवितात. बहुतेक जण ती जुन्या धन्याच्या निंदेत खर्च करतात. या गृहस्थाने तिचे पाठ्यपुस्तक केले.

आणि तरीही तेच घडले. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांच्या हाती राज्याची सूत्रे आली. अठरा वर्षांच्या तेजस्वी महाराजांना स्वतः राज्य करायचे होते, आणि त्रेपन्न वर्षांच्या दिवाणाला आपल्या सल्ल्याने चालणारा राजा पाहण्याची सवय होती. मतभेद झाले, आणि १८८२ साली माधवरावांनी बडोदेही सोडले. दोन विद्यार्थी, दोन राज्ये, एकच शेवट. यात दोष कोणाचा, हा वाद घालण्यात अर्थ नाही. ज्या माणसाने राज्य उभे केले त्याला त्याच राज्यात सेवक म्हणून राहणे जड जाते, आणि ज्याचे राज्य आहे त्याला उपकारकर्ता रोज समोर दिसणे जड जाते.

दुसऱ्या वेळी मात्र मद्रासला परतलेला माणूस वेगळा दिसतो. १८७२ साली तो पुढच्या दिवाणगिरीच्या हाकेला लगेच ओ देऊन गेला होता. आता तो मैलापुरात स्थिरावला. ‘राजा’ हा किताब १८७७ सालीच मिळालेला होता. मलबारातील जमीनधाऱ्याच्या प्रश्नावर नेमलेल्या कमिशनचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. टोपणनावाने वृत्तपत्रांत लेख लिहिले, स्त्रीशिक्षण आणि बालविवाह यांवर बोलले. १८८७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले तेव्हा स्वागताध्यक्ष माधवरावच होते. अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी, आणि प्रतिनिधी ६०७. देशभरातून आलेल्या त्या सभेपुढे यजमान म्हणून उभा राहिलेला माणूस आता कोणाच्या पगारावर नव्हता. पुढे कायदेमंडळांच्या सुधारणेच्या ठरावावरून पटेना, तेव्हा १८८९ साली त्यांनी काँग्रेसही सोडली. हा स्वभावच म्हणायचा.

तिरुवनंतपुरमला त्यांची जागा घेणाऱ्या शेषय्या शास्त्रींचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. पाच वर्षांत, १८७७ साली, तेही त्रावणकोरमधून बाहेर पडले, आणि १८७८ पासून पुदुकोट्टैच्या छोट्या राज्याचा कारभार त्यांनी इतक्या नेटाने केला की आजही तेथील तळी आणि रस्ते यांच्या संदर्भात त्यांचे नाव निघते. पॉवेल यांच्या वर्गात शेजारी बसलेली ही दोन मुले एकाच राजाची एकच जागा पाठोपाठ सोडून गेली, आणि दोघांनीही आपले उत्तम काम नंतर केले.

४ एप्रिल १८९१ रोजी माधवराव मैलापुरात वारले. त्रावणकोरच्या लोकांनी त्यांचा पुतळा तिरुवनंतपुरमला, त्यांनीच बांधविलेल्या सचिवालयासमोर उभारला. त्या चौकाला आज सारे गाव ‘स्टॅच्यू’ म्हणते. बसचे वाहक हेच नाव पुकारतात, रिक्षावाल्याला हेच सांगावे लागते. पुतळा कोणाचा, हे उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसते. डोक्यावर मराठी धाटणीची पगडी मात्र चौकातून स्पष्ट दिसते.